चर्चला कुलूप लावायचं की दारात माणूस बसवायचा?

प्रश्न: ताई, सलाम. आमचं चर्च तालुक्याच्या गावात आहे, मी पंच कमिटीत आहे. गेल्या महिन्यात भर दुपारी कोणीतरी दानपेटी फोडली, अँप्लिफायर पण गेला. तेव्हापासून निम्मी कमिटी म्हणते रविवार सोडून चर्च बंदच ठेवा, गेटवर वॉचमन बसवा, नवीन माणूस आला की नाव, नंबर, आधार लिहून घ्या. मला पटत नाही, कारण दवाखान्यातून परत जाताना दहा मिनिटं टेकायला येणाऱ्या बायका आहेत आणि त्यातल्या कितीतरी ख्रिस्तीसुद्धा नाहीत. पण परत चोरी झाली तर बोल मलाच लागणार. काय करू?
– एक वाचक

उत्तर: दादा, सलाम. चोरीचं आधी उरकू. पेटी रोज संध्याकाळी दोघांनी मिळून रिकामी करा, वहीत सही करा. माईक वगैरे व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, कुलपात. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत ते शोधा, जुन्या पंचांकडे एखादी राहिलेली असतेच. कॅमेरा दारावर आणि पेटीवर लावा, गुडघे टेकून रडणाऱ्या बाईवर नको. आणि उपासना चालू असताना बाजूची दारं आतून नुसत्या कडीनं उघडली पाहिजेत, बाहेरून कुलूप अजिबात नको, आग लागली तर लोक जाणार कुठून?

आता आधारचं. नुकतीच वाईट बातमी ऐकून आलेली बाई गेटवर आधार दाखवत बसणार नाही, ती सरळ घरी जाईल. आणि वॉचमन कोणाला अडवणार, कपडे बघूनच ना? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय कमिटीत मोठ्याने वाचा, भारी कपडेवाल्याला खुर्ची आणि फाटक्याला उभं ठेवणं, नेमकं तेच तिथं आहे. आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ काढला त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, मग या बायकांना आपण कसं अडवायचं?

म्हणून दारात आपलाच माणूस हवा. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टरला श्रीलंकेत बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये पाठीवर बॅग घेतलेला अनोळखी माणूस आला, मंडळीतल्याच एकाने त्याची विचारपूस केली, संशय आला म्हणून आत सोडलं नाही. स्फोट बाहेर झाला. त्याला अडवणारा तो भाऊ गेला, अंगणातली लहान मुलंही गेली, हे आठवलं की अजून पोटात कालवतं, पण आत भरलेल्या चर्चमधले पुष्कळ वाचले. "कुठून आलात, कोणाला भेटायचंय" हे प्रेमाने विचारणं म्हणजे स्वागतही आणि पहाराही. फक्त त्या माणसाला हेही सांगून ठेवा की संशय आला तर स्वतः भिडायचं नाही, लांब व्हायचं आणि 112 लावायचा.

सुरुवात लहान करा. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास, एक रिटायर्ड मास्तर आणि महिला मंडळातली एक मावशी, दारात दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ. बाकीच्या वेळी माणूस नसेल तर दार बंद ठेवा, पण पाळकसाहेबांचा नंबर दारावर मोठ्या अक्षरात लिहा.