लिनक्स मिंटवर गूगल ड्राइव्ह नीट सिंक का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की विंडोज 10 चा सपोर्ट संपला म्हणून जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकलं, आरक्लोनने (टर्मिनलमधून क्लाउडच्या फायली हलवणारा मोफत प्रोग्राम) ड्राइव्ह जोडलं, आणि आता दर आठवड्याला परत लॉगिन मागतंय, एकाच नावाच्या दोन-दोन फायली दिसतायत आणि काही मराठी नावाच्या फायली उतरतच नाहीत. हे सगळं मी भोगलंय. आमच्या शेतकरी गटाचे हिशोब, सातबारे, पावत्या सगळं माझ्याच लॅपटॉपवर असतं आणि बाकीचे लोक मोबाइलवरून तेच ड्राइव्ह बघतात, त्यामुळे सिंक बिघडलं की पहिला फोन मलाच येतो.

गूगलने लिनक्ससाठी ड्राइव्हचं ॲप आजपर्यंत काढलेलं नाही, 2012 ला ड्राइव्ह आलं तेव्हापासून आपण वाटच बघतोय. फाइल मॅनेजरमध्ये ऑनलाइन अकाउंट जोडून जे ड्राइव्ह दिसतं त्याला बरेच जण सिंक समजतात, पण तिथे फाइल उघडली की तेव्हाच ती नेटवरून येते. आमच्याकडे लाइट गेली की राउटर बंद, म्हणजे फायलीही बंद. त्यामुळे आरक्लोन धरलंत ते बरोबरच केलंत, तेच सोडू नका.

आठवड्याच्या लॉगिनचं कारण बहुतेक असं असेल की तुम्ही स्वतःचा क्लायंट आयडी, म्हणजे आरक्लोन गूगलकडे दाखवतं ती ओळख, बनवलाय (बनवायलाच हवा, सगळ्यांचा मिळून जो आयडी असतो तो फार हळू चालतो) पण गूगल क्लाउड कन्सोलमध्ये (हा आयडी जिथे बनतो ती गूगलची साइट) तुमचं ॲप टेस्टिंग याच स्थितीत राहिलंय. टेस्टिंगमध्ये असेल तर टोकन (लॉगिनची साठवलेली परवानगी) 7 दिवसात मरतं. तिथे जाऊन ॲप पब्लिश करा आणि आरक्लोनमध्ये एकदा परत लॉगिन करा, मग हा त्रास जातो. हे मला कळायला दोन महिने लागले, दर सोमवारी लॉगिन करत बसायचो.

आता दोन-दोन फायली. याची दोन वेगळी कारणं आहेत. एक म्हणजे ड्राइव्ह फाइल ओळखतं ते तिच्या आयडीवरून, नावावरून नाही, म्हणून एकाच फोल्डरमध्ये अगदी तंतोतंत एका नावाच्या दोन फायली तिथे राहू शकतात, आपल्या डिस्कवर राहू शकत नाहीत. यासाठी आरक्लोनमध्ये डीड्युप म्हणून कमांड आहे, आतला मजकूरही तंतोतंत एक असेल तर ती न विचारता एकच फाइल ठेवते, बाकीच्या विचारत विचारत साफ करते.

दुसरं कारण खास आपलं मराठीचं आहे आणि ते कुठे कोणी नीट सांगत नाही. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव घ्या. त्यातला ऱ्या काही कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षराने टाइप होतो, काहींवर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असा होतो, आणि मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेली फाइल असेल तर साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा तुटून येतो. डोळ्याला तिन्ही एकसारखे, लिनक्सला तीन वेगळी नावं. नुक्तावाला फरक आरक्लोन सिंक करताना स्वतः जुळवून घेतं, पण त्या अदृश्य जोडचिन्हाचं काही करत नाही, डीड्युपलाही ते सापडत नाही कारण त्याच्या दृष्टीने नावं वेगळीच. म्हणून मी गटात सांगून टाकलंय की फाइल कोणीही बनवा पण नाव एकाच माणसाने टाइप करायचं. जुन्या फायली बसून हाताने नावं बदलूनच निस्तराव्या लागल्या.

आणि न उतरणाऱ्या फायली, तिथे नावाची लांबी बघा. लिनक्सच्या एक्स्ट-4 डिस्कवर नाव 255 बाइटपर्यंत चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना मात्रा हलन्तसकट, 3 बाइट खातं. नुसतं 'महाराष्ट्र' म्हणजे 30 बाइट. म्हणजे साधारण 85 चिन्हांतच सगळं नाव बसवायचं, विंडोजवर याच्या तिप्पट चालतं म्हणून तिथे कधी जाणवलं नाही. मिंट टाकताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करा असं टिक केलं असेल तर मर्यादा अजून खाली, 143 बाइट, म्हणजे 47 चिन्हं. ठरावांच्या फायलींना लोक अख्खं वाक्य नाव देतात, त्या सगळ्या इथेच अडकतात.

दोन्हीकडून सिंक हवं असेल तर आरक्लोनची बायसिंक ही कमांड वापरा, पण मिंट 21 च्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं आरक्लोन 1.53 आहे, त्यात बायसिंक नाहीच, आणि मिंट 22 मधलं 1.60 पण जुनंच, म्हणून आरक्लोनच्या साइटवरून डेब फाइल (मिंटवर इन्स्टॉल करायची फाइल) घ्या. पहिल्यांदा रीसिंक हा पर्याय लावून चालवायचं, नंतर उगाच रीसिंक करायचं नाही कारण ते दोन्हीकडचं एकत्र करतं आणि डिलीट केलेल्या फायली परत उगवतात. गूगल डॉक्सच्या फायली वगळायचा पर्याय आहे तो लावा, त्या खऱ्या फायली नसतातच, उतरताना वर्डमध्ये बदलून येतात. मी हे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) दर 15 मिनिटांनी लावलंय.

नुसती सिंक कमांड मात्र फार जपून. ती एकतर्फी आहे, पहिल्या जागेत जे नाही ते दुसऱ्या जागेतून उडवते. नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा मी दोन्ही जागा उलट लिहिल्या, रिकामं फोल्डर पहिलं आणि ड्राइव्ह दुसरं, आणि अख्ख्या हंगामाच्या पावत्या गेल्या. त्या रात्री झोप लागली नाही, लोकांच्या पैशाचे कागद होते ते. आरक्लोन ड्राइव्हवरच्या फायली आधी ट्रॅशमध्ये टाकतं आणि ट्रॅश 30 दिवस राहतं म्हणून सगळं परत मिळालं. तेव्हापासून प्रत्येक नवीन कमांड आधी ड्राय-रन (खरं काही न बदलता काय होईल ते नुसतं दाखवणारा पर्याय) लावून बघतो, काय उडणार आहे ते वाचतो, मगच खरी चालवतो.

तुम्ही आज फक्त ॲप पब्लिश करा आणि डीड्युप ड्राय-रनवर चालवून काय यादी येते ते खाली कमेंटमध्ये टाका, आणि त्यात न सापडलेल्या पण डोळ्याला दोन-दोन दिसणाऱ्या ऱ वाल्या फायली किती आहेत तेही लिहा, ते बघून पुढचं सांगतो.