अडथळा येतो, खोडा घालतात

चोपड्याच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी तिने लिहिले, 'तेलकंपन्यांनी तापमानवाढीवरच्या निर्णयांत खोडा घातला.' सरांनी 'खोडा' ग्राम्य म्हणून काटला आणि वाक्य केले, 'कंपन्यांच्या हितसंबंधांमुळे निर्णयांत अडथळे आले.' यातले बरोबर कोणते?

व्याकरणाने दोन्ही. पण माझे मत तिच्या पारड्यात. अडथळा आपोआपही येतो. तापीला पूर आला, रस्ता बंद. खोडा मात्र कुणीतरी घालावा लागतो. भोके पाडलेला लाकडी ओंडका म्हणजे खोडा. पूर्वी कैद्याचे पाय त्यात अडकवत. म्हणजे अडकवणारा हात आलाच. सरांच्या वाक्यात तोच गायब होतो. (हल्ली सगळेच कशा ना कशा'मुळे' घडते, कुणी काही करतच नाही!)

इथे हात होता का? होता. इंधन जाळल्याने पृथ्वी तापते आहे, हे एक्सॉन या अमेरिकी तेलकंपनीच्या वरिष्ठांना त्यांच्याच कंपनीतल्या जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९७७मध्ये सांगितले होते. तरी १९८९मध्ये तेल, कोळसा, मोटार उद्योगांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' काढली. नाव हवामानाचे, काम उत्सर्जनावरची बंधने रोखण्याचे. देशांनी उत्सर्जन कमी करावे, हे ठरवणारा क्योटो करार १९९७चा. अमेरिकेने त्याला शेवटपर्यंत मान्यता दिली नाही. याला खोडाच म्हणायचे.

'मोडता घालणे' थोडे वेगळे. ठरत आलेल्या गोष्टीत शंका काढायची, म्हणजे ती आपसूक मोडते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेलकंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९९८मध्ये झालेल्या एका टिपणाचा आशय असा, की हवामानशास्त्रातली अनिश्चितता सामान्य माणसाला 'कळली' की आपण जिंकलो. लग्नात मोडता घालणारा आतेमामा आठवा, 'मुलगा चांगलाच आहे हो, पण...'

आणि लोढणे. आमच्या यावलच्या मळ्यात एक ओढाळ गाय होती. सारखी शेजारच्या केळीत शिरायची, म्हणून आजोबांनी तिच्या गळ्यात ओंडका अडकवला. हळू चालली तर काही नाही. धावली की तो नडग्यांवर आदळायचा. गाय बांधलेली नव्हती, फक्त पळू शकत नव्हती. 'आम्हीही कार्बन कराच्या (कोळसा-तेल जाळण्यावरच्या कराच्या) बाजूने आहोत' असे म्हणत राहायचे, हा तसा प्रकार. २०२१मध्ये एक्सॉनचा एक लॉबिस्ट (सरकारदरबारी कंपनीची बाजू मांडणारा माणूस) छुप्या कॅमेऱ्यापुढे बोलून गेला, की हा कर काही येत नाही, पण पाठिंबा द्यायला मुद्दा बरा आहे. ते आपले मत नाही, असे कंपनीने नंतर म्हटले.

तेव्हा तुझे वाक्य तसेच ठेव. सरांना 'खोडा' फारच टोचत असेल, तर 'कोलदांडा' सुचवून बघ. हातपाय बांधून गुडघ्यांमागून दांडा सरकवायची ती जुनी शिक्षा. शब्द तितकाच गावरान, पण छापील मजकुरातही दिसतो.