नॉरफोकहून फ्लोरिडाला आतल्या जलमार्गाने (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या ‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ने) पहिल्यांदाच जायचं आहे. कधी निघावं, किती दिवस धरावेत?

३४ फुटी शिडाची बोट, दोघंच जण, आणि थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) मायामीत नातेवाइकांकडे पोचायचंय, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही नवरा-बायकोने हा प्रवास तीनदा केलाय. सगळ्यात आधी एकच सांगतो: मायामीत कुणालाही तारीख कबूल करू नका.

हिशेब बघा. नॉरफोक म्हणजे शून्य मैल, तिथून मायामी साधारण १०९० मैल. (हे रस्त्यावरचे मैल, सागरी मैल नव्हेत, नकाशा वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.) इंजिनावर तुमची बोट ताशी ७ मैल जाईल. नोव्हेंबरात उजेड जेमतेम दहा-साडेदहा तास, आणि अंधार पडल्यावर या मार्गावर चालूच नये. खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते बोये आणि अर्धे बुडालेले ओंडके दिसत नाहीत. काही पूल ठरल्या वेळीच उघडतात, तिथे ताटकळावं लागतं. दिवसाला ५० मैल झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणजे एकही दिवस न थांबता २२ दिवस, आणि वारा तुम्हाला थांबवणारच. पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा.

निघायला ऑक्टोबरचा मध्य बरा. चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि ठरावीक तारखेआधी ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला गेलात तर भरपाई नाही, अशी अट बऱ्याच विमा पॉलिसींत असते. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा.

नॉरफोकनंतर लगेच दोन फाटे फुटतात. खोली पुरत असेल आणि कालवा चालू असेल (दोन्हीची आधी खात्री करा), तर डिस्मल स्वॉम्प या दलदलीतून जाणाऱ्या कालव्याचाच घ्या. १८०५ मध्ये खुला झालेला हा कालवा अमेरिकेत अजून वापरात असलेला सर्वांत जुना मानवनिर्मित जलमार्ग आहे. गुलामीत ठेवलेल्या माणसांनी तो बारा वर्षं हातांनी खणला, आणि गुलामीतून पळालेली माणसं याच दलदलीत लपून राहिली. झाडांच्या सालीतल्या द्रव्यांमुळे पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. वारा पडलेला असला की दोन्ही काठांची झाडं त्यात उलटी उतरतात. आम्ही तिथे इंजिन अगदी मंद ठेवतो, मोठ्याने बोलतही नाही.

पुढे एलिझाबेथ सिटीला फुकट धक्का मिळतो. तिथे थांबून पुढच्या अल्बेमार्ल साउंडचा, म्हणजे खाडीसारख्या रुंद पाण्याचा, अंदाज घ्या. ते पाणी उथळ आहे. वारा वाढला की आखूड, उभ्या लाटा उठतात. वारा शांत होईपर्यंत दोन दिवस बसावं लागलं तरी बसा. कॅम्प लेजूनजवळ लष्कराचा गोळीबाराचा सराव चालू असला की मार्ग बंद ठेवतात, तेवढं व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) ऐकत राहा.

खरा प्रश्न जॉर्जियाचा. तिथे भरती-ओहोटीत ७ ते ९ फुटांचा फरक पडतो. दुसऱ्या खेपेला जॅक्सनव्हिलच्या बहिणीला मी भाऊबीजेला येतो म्हणून कबूल केलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, ओहोटी निम्मी उतरलेली असताना, लिटल मड रिव्हरमध्ये शिरलो. बायको म्हणत होती की थांबू या. मी ऐकलं नाही. दहा मिनिटांत बोट गाळात रुतली आणि पाणी उतरेल तशी कलंडत गेली. माझं लहानपण दाभोळच्या खाडीकाठी गेलंय. अमावास्येला उधाण असतं आणि उधाणाची ओहोटी नेहमीपेक्षा खाली जाते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त भाऊबीज होती. पाणी पुन्हा चढून बोट सुटली तेव्हा सूर्य मावळत होता.

म्हणून अशा उथळ जागी निम्मी भरती चढल्यावरच शिरा. रुतलात तरी चढतं पाणी उचलून घेतं. ओहोटीत रुतलात तर इंजिन रेटू नका, थंड ठेवणारा पंप गाळ ओढतो आणि इंजिन तापतं. नांगर टाका आणि थांबा.

खुणांचं थोडक्यात: दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजवीकडे, हिरव्या डावीकडे ठेवायच्या. नदीचं किंवा बंदराचं तोंड ओलांडताना रंगांची उलटापालट होते, तिथे रंग विसरून खुणेवरचा छोटा पिवळा आकार बघा. पिवळा त्रिकोण कायम उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे. पुलांशी बोलायला व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात चॅनेल १३, त्यापुढे ९.

निघण्यापूर्वी डोलकाठीची उंची अँटेनासकट स्वतः मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. मार्गावरचे बहुतेक पक्के, म्हणजे न उघडणारे, पूल पाण्यापासून ६५ फूट उंच आहेत, पण मायामीतला जुलिया टटल पूल ५६ फुटांचाच आहे. तुमची उंची त्याहून जास्त भरली तर फोर्ट लॉडरडेलहून बाहेर पडून शेवटचा टप्पा समुद्रातून करावा लागेल, आणि त्यासाठी चांगल्या हवेचा एक दिवस वेगळा धरा.