टेबलासाठी लाकूड किती मागवायचं?

प्रश्न : चार फूट बाय दोन फुटांचं टेबल करायचं आहे. टॉप आणि खालच्या पट्ट्या पाऊण इंच जाड. पट्ट्या 4 इंच रुंद. दोन 42 इंचांच्या, दोन 18 इंचांच्या. पाय सव्वादोन इंच चौरस, उंची 29 इंच. हिशेब 1.05 घनफूट येतो. दहा टक्के जास्त धरलं तर पुरेल ना?

उत्तर : नाही. तुम्ही तयार टेबल मोजलं आहे आणि विकत घ्यायचं आहे ते रंधा न मारलेलं लाकूड. पाऊण इंच जाडी हवी तर फळी एक इंची लागते, कारण दोन्ही बाजूंनी एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) रंध्याखाली जातं. फळी वाकलेली असेल तर त्याहून जास्त. पायांना त्याच हिशेबाने अडीच इंच चौरस लाकूड धरा. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना पायात शिरणारं एकेक इंचाचं कुसू तुमच्या मापात दिसत नाही. शिवाय प्रत्येक तुकडा दोन इंच जास्त लांब कापावा. फळीच्या टोकांना बहुधा बारीक तडे असतात.

आता पुन्हा मांडू. टॉपला साडेपाच इंच रुंद, 50 इंच लांब असे पाच तुकडे (कडा सरळ केल्यावर प्रत्येकी पाच इंच उरले तरी चालतं). साडेचार इंच रुंद पट्ट्या 46 इंचांच्या दोन, 22 इंचांच्या दोन. पाय 31 इंचांचे चार. बेरीज 1.6 घनफूट. गाठी, सालीजवळचं पांढरट लाकूड कापून टाकावं लागतं, ते अजून धरलेलंच नाही.

पण खरी गफलत घनफुटापेक्षा लांबीत होते. साडेपाच इंच रुंदीच्या सात फुटी फळ्या आल्या, तर एकीतून 50 इंचांचा एकच तुकडा निघतो. उरलेल्या 34 इंचांत छोटी पट्टी बसते, 46 इंचांची नाही. एकूण सात फळ्या, म्हणजे 49 फूट. नऊ फुटी घेतल्या तर दोन फळ्यांतून टॉपचे चार तुकडे, तिसरीतून पाचवा आणि एक लांब पट्टी, चौथीतून उरलेल्या तिन्ही पट्ट्या. काम 36 फुटांत होतं. म्हणून आधी तुकड्यांची यादी करा, सर्वांत लांब तुकडा आधी बसवा, मगच फळीची लांबी ठरवा.

मागणी अशी द्या : नऊ फुटी फळ्या पाच (एक जादा) आणि पायांसाठी 13 फूट, त्यात एक पाय जादा. एकूण सुमारे 2.28 घनफूट. जादा लाकूड आत्ताच घ्या. नंतर आणलेली फळी रंगाने वेगळी निघते, आणि ओलसर असली तर वाळताना आकसून टॉपचा सांधा उघडते.

प्रश्न : कपाटाच्या भागांचं क्षेत्रफळ 60 चौरस फूट आहे. प्लायच्या 8 बाय 4 च्या दोन शीट म्हणजे 64. भागेल?

उत्तर : क्षेत्रफळावरून ते कळत नाही. 17 इंच रुंदीचे भाग असतील तर 48 इंचांत दोनच बसतात आणि 14 इंचांची पट्टी उरते. बरोबर 24 इंच खोलीचे दोन भागही निघत नाहीत, करवत साधारण 3 मिलिमीटर खाते. खोली पावणेचोवीस इंच ठेवा. चौकटीच्या कागदावर शीट काढून भाग मांडा. वरच्या विनिअरची (लाकडाच्या पातळ थराची) रेषा दिसणार असेल तर दारं आडवी फिरवून जागा वाचवता येणार नाही.