‘पेठ’ म्हणजे बाजार की वस्ती?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ‘पेठ म्हणजे बाजार असं शाळेत शिकलो. मग सदाशिव पेठ ही वाड्यांची, राहत्या घरांची वस्ती असूनही पेठ कशी? पेठ म्हणजेच बाजार असेल तर “बाजारपेठ” हा शब्द कशाला लागला? आणि सोमवार पेठेत सोमवारचा, बुधवार पेठेत बुधवारचा बाजार भरायचा हे खरं का?’

तिन्ही प्रश्नांचं उत्तर पुणं कसं वाढलं यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचं कूळ पाहू. पेठ हा शब्द ‘पीठ’ म्हणजे आसन, स्थान यावरून आला असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण पीठाच्या कोणत्याच अर्थात देवघेव, व्यापार नाही. उलट दक्षिणेत पाहावं तर कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’, तमिळमध्ये ‘पेट्टै’ आहे आणि तिन्हीकडे अर्थ एकच, बाजाराची वस्ती. विशेषतः किल्ल्याच्या आश्रयाला, कोटाबाहेर वसलेली. हैदराबादचं बेगमपेट, चेन्नईचं सैदापेट, बंगळूरचं चिक्कपेट ही सगळी आपल्या पेठेची भावंडं. १८०३ मध्ये इंग्रजांनी अहमदनगर घेतलं तेव्हा त्यांनी आधी पेठ घेतली आणि चार दिवसांनी किल्ला. त्यांच्या लिखाणात या पेठेला ‘पेट्टा’ म्हटलेलं आहे. कोट आणि पेठ ही जोडी दख्खनभर होती. कोटात सत्ता, पेठेत व्यापार. माझा कल या दक्षिणी कुळाकडेच आहे. आपण फक्त ट चा ठ केला.

बंगळूरचं उदाहरण थोडं लांबवतो, कारण त्यातून पुण्याचं वेगळेपण दिसतं. केंपेगौडांनी १५३७ मध्ये ते शहर वसवलं, तेव्हा चार दिशांना चार नांगर धरून रस्ते आखले अशी तिथली आख्यायिका. त्या जुन्या शहराला आजही नुसतं ‘पेटे’ म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या पेटांची नावं व्यवसायांची आहेत. अक्कीपेटे तांदळाची, बळेपेटे बांगड्यांची, कुंबारपेटे कुंभारांची. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुणं आणि बंगळूर एकाच माणसाच्या जहागिरीत होते, हे मला फार विलक्षण वाटतं. पेठ हा शब्द त्यांच्याबरोबर इकडे आला असं मात्र मी म्हणत नाही. नांगराची आठवण दोन्ही शहरांत आहे एवढं नोंदवतो. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त करून गाढवाचा नांगर फिरवला आणि नंतर जिजाऊंच्या देखरेखीत सोन्याचा फाळ फिरवून गाव पुन्हा वसवलं, ही कथा पुण्यात प्रत्येकाने ऐकलेली असते.

ते पुन्हा वसवलेलं गाव म्हणजे कसबा. हा अरबी ‘कस्बा’. जुन्या कागदांत ‘कसबे पुणे’ पण ‘मौजे नायगाव’ असं लिहितात. मौजे म्हणजे साधं शेतीचं खेडं, कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य, बाजार असलेलं गाव. कसबे सुकेणे, कसबा बावडा या नावांत तोच शब्द. पुण्याभोवती नव्या पेठा उठल्या, मूळचं गाव त्यांतलीच एक होऊन बसलं आणि नाव पडलं ‘कसबा पेठ’. अख्खं गाव एका भागाच्या नावात मावलं. आता कसबा पेठ म्हणताना त्यात दोनदा बाजार आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता मुख्य मुद्दा. पेठ आपोआप वाढत नसे, ती ‘बसवली’ जाई. मराठीत पेठ या नामाचं खरं क्रियापद हेच. एखादा सरदार किंवा कारभारी पेठ बसवायला पुढे येई आणि सरकारातून कौल मिळे. कौल म्हणजे अभयाचं वचन. इथे येऊन दुकान थाटा, घर बांधा, ठरावीक वर्षं कर माफ. शेटेपण आणि महाजनकी ही पेठेची वतनं. शेटे व्यापाऱ्यांना आणत, बाजाराची व्यवस्था पाहत. आजची शेटे, महाजन ही आडनावं त्या वतनांची. म्हणजे वाणी-उदमी आधी, वस्ती मागून. बाजार हे वस्तीचं विरजण होतं. दुकानं आली की कारागीर आले, मग नोकरदार, मग त्यांचे वाडे, देवळं, हौद. दोन पिढ्यांनी दुकानं एका रस्त्यावर आणि घरं सगळीकडे असं झालं, तरी नाव पेठच राहिलं. कोतवालाच्या चावड्यासुद्धा पेठांच्या हिशेबाने होत्या. शहर चालवण्याचं एककच पेठ झाल्यावर शब्दाचा अर्थ बाजाराकडून वस्तीकडे सरकणं अटळ होतं.

सदाशिव पेठ याचं उत्तम उदाहरण. तिथे पूर्वी नायगाव नावाचं खेडं होतं. शहराच्या त्या अंगाने आंबील ओढा वाहत नदीला मिळायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तळं केलं, आज तिथे सारसबाग आहे, आणि ओढ्याचं पाणी पश्चिमेकडे वळवलं. पुराची भीती गेली, जमीन मोकळी झाली. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. जमीन आणि पाणी यांची सोय करून मग वस्ती, याला आज आपण नगररचना म्हणतो. माधवराव पेशव्यांनी तिथे बसवलेल्या पेठेला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव दिलं. आता तर ‘सदाशिवपेठी’ हे विशेषण झालं आहे. त्यात बोलण्याची ढब आहे, स्वभाव आहे, पण बाजाराचा मागमूस नाही.

वारांबद्दल. आठवडी बाजाराची कथा गोड आहे, पण टिकत नाही. आठवडी बाजार गावाला एक असतो. सात पेठांत सात वार फिरणारा बाजार राजधानीच्या शहराला कशाला हवा? तिथे रोजच खरेदी-विक्री. शिवाय ही नावं नंतर चढवलेली आहेत. बुधवार पेठ मोगल अमलात मोहियाबाद होती, रविवार पेठ मलकापूर, शनिवार पेठ मुर्तजाबाद, सोमवार पेठ शहापूर. पेशवाईत ही पूर आणि बाद जाऊन वार आले. एखाद्या गल्लीला आपण आकडे देतो तसेच हे वार, सात ओळखीची, क्रमाने लक्षात राहणारी नावं. सातारा, कोल्हापूर, सोलापूर इथेही वारांच्या पेठा आहेत. वार संपल्यावर माणसांकडे वळावं लागलं. नाना फडणवीसांची नाना पेठ, रास्त्यांची रास्ता पेठ, नारायणरावांच्या नावाची नारायण पेठ. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याच जागी ‘पुरा’ हा शब्द बसला. बेगमपुरा, कर्णपुरा, पदमपुरा.

बंगळूरशी असलेला फरक आता स्पष्ट होईल. तिथे व्यवसायाचं नाव पेटेला मिळालं. पुण्यात पेठेला वार किंवा माणूस, आणि व्यवसाय उतरला ‘आळी’त. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी. बाजाराचा जुना अर्थ पेठेतून गळून आळीत साठला, असं मला दिसतं. कसब्यातल्या तांबट आळीत उभं राहून हातोड्यांचा आवाज ऐकला की हे शब्दकोशाशिवाय कळतं.

मग ‘बाजारपेठ’? पेठ म्हटल्यावर नुसती वस्ती डोळ्यांपुढे येऊ लागली तेव्हा व्यापाराचा अर्थ नेमका सांगायला फारसी ‘बाजार’ पुढे जोडावा लागला. दोन भाषांतले दोन समानार्थी शब्द एकत्र बांधून एक पक्का शब्द तयार झाला. ‘धनदौलत’ आठवा. गंज पेठ तसलीच. गंज हाही फारसी, आणि लखनौच्या हजरतगंजात आहे तो बाजारच. त्या पेठेचं नाव आता महात्मा फुले पेठ, कारण फुल्यांचा वाडा तिथे आहे. बाजारपेठ मात्र इतकी घट्ट रुजली की आज ‘जागतिक बाजारपेठ’ म्हणताना ना दुकान दिसतं ना रस्ता.

वापराबद्दल एक आग्रह. पेठ स्त्रीलिंगी, अनेकवचन पेठा, सामान्यरूप ‘पेठे’. म्हणून ‘नारायण पेठेत राहतो’, ‘कसब्यात राहतो’. ‘नारायण पेठमध्ये’ हे हल्ली सर्रास कानावर येतं, पाट्यांवरही दिसतं. नावं आहेत म्हणून ती विकारायची नाहीत असा नियम मराठीत नाही. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या पेठेतच राहिल्या.

शेवटी एक गंमतीची नव्हे, मनापासून आवडलेली गोष्ट. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि मोकळ्या माळावर आखीव भाग पाडले गेले. लोक त्यांना सेक्टर म्हणतात. पण २०२१ मध्ये विसर्जित झालेल्या या प्राधिकरणाच्या मराठी कागदांवर लिहिलेलं असायचं ‘पेठ क्रमांक’ आणि पुढे आकडा. शेटे नाहीत, महाजन नाहीत, कौल नाही. जमीन आधी आखायची आणि मग माणसं बोलवायची, एवढी रीत तेवढी तीच आहे.