सी ड्राइव्ह लाल, डी मोकळा: जागेचं काय करायचं?

प्रश्न : खानापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. २४० जीबीची एसएसडी आहे. सी ड्राइव्ह ८० जीबीचा, त्यात जेमतेम २ जीबी शिल्लक. डीमध्ये ९० जीबी मोकळे आहेत. डी लहान करून ती जागा सीला द्यायला गेलो, तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच दिसतं.

उत्तर : शेजारच्या शेतातली जमीन घ्यायची तर आपल्या बांधाला लागून असलेला तुकडाच आपल्या शेतात येतो. इथंही तसंच आहे. सीच्या लगेच उजवीकडे ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली, जागा असेल तरच विंडोज सी वाढवतं. डी ‘श्रिंक’ केल्यावर सुटणारी जागा मात्र डीच्या पलीकडच्या टोकाला येते. मधे डी तसाच उभा, म्हणून पर्याय पुसट.

पण हद्दी हलवायच्या आधी सी कशानं भरला ते बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथं सगळा हिशेब दिसतो. तुमच्यासारख्या दुकानात बहुतेक वेळा दोषी असतात डाउनलोड्स आणि डेस्कटॉप. हे दोन्ही फोल्डर सीमध्येच असतात, आणि गिऱ्हाइकांच्या आधार-पॅनच्या स्कॅन तिथंच साचत जातात. काम झाल्यावर त्या पुसाच. जागेपेक्षाही त्या माणसांच्या कागदपत्रांची काळजी म्हणून. नंतर रिसायकल बिन रिकामा करा, नाहीतर एक एमबीसुद्धा सुटत नाही.

मग डीमध्ये ‘डाउनलोड्स’ नावाचा फोल्डर बनवा. जुन्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडू नका. मग अख्खा डीच डाउनलोड्स होऊन बसतो आणि निस्तरताना नाकी नऊ येतात.

त्यानंतर डिस्क क्लीनअप उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबा. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ कित्येक जीबी अडवून बसलेलं असतं. १० दिवसांनी ते आपोआप जातं. आधी काढलं तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. यादीत ‘डाउनलोड्स’ दिसलं तर तिथली टिक काढा. विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणारा ‘विनएसएक्सएस’ फोल्डर कितीही मोठा दिसला तरी हातानं पुसू नका, विंडोजच बिघडेल.

एवढं करून सीमध्ये १२ ते १५ जीबी मोकळे झाले तर हद्दींना हात लावू नका. नाहीच झाले तर डीमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, ते उघडतंय का बघा, मग डी डिलीट करून सी वाढवा आणि उरलेल्या जागेत डी पुन्हा करा. दोघांच्या मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला तुकडा) असेल तर हा उपाय चालणार नाही. ते पार्टिशन डिलीट करायच्या फंदात पडू नका.

प्रश्न : निपाणीहून. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, तरी लग्नाच्या व्हिडिओची ७ जीबीची फाइल घेत नाही. म्हणतो, फाइल फार मोठी.

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये (फाइली मांडायच्या पद्धतीत) आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढं जाऊच शकत नाही. आतला डेटा काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मात्र बारीक फाइलींना एक्सफॅट महाग पडतं. एवढ्या पेनड्राइव्हवर विंडोज सहसा १२८ केबीचे कप्पे पाडतं, आणि २ केबीची फाइलही एक अख्खा कप्पा अडवते. तसल्या १०,००० फाइली म्हणजे २० एमबीच्या मजकुराला सव्वा जीबी जागा. त्या झिप करून ठेवा.

प्रश्न : उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग ठेवायला उबुंटूचा सर्व्हर आहे. ६० जीबी मोकळे दिसतात, तरी नवी फाइल सेव्ह करताना ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं.

उत्तर : जागा आहे, पण नोंदवहीची पानं संपली असणार. उबुंटूच्या ईएक्सटी४ या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे नोंदीचं एक पान, लागतो, आणि आयनोड किती हे फॉरमॅट करतानाच ठरतं: सहसा दर १६ केबीमागे एक. २०० जीबीच्या पार्टिशनवर साधारण १ कोटी ३१ लाख. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एखादी स्क्रिप्ट दर मिनिटाला शेकडो तात्पुरत्या फाइली टाकत असेल तर तेही संपतात. टर्मिनलमध्ये ‘डीएफ -आय’ (df -i) चालवा. तिथं १०० टक्के दिसलं तर रोग सापडला. ‘डीयू --आयनोड्स’ (du --inodes) कुठल्या फोल्डरमध्ये गर्दी आहे ते सांगेल. पुसण्यासाठी ‘फाइंड’ (find) वापरा, कारण लाखो फाइलींपुढं ‘आरएम’ (rm) या पुसायच्या कमांडला तारा (*) दिला की ‘यादी फार लांब’ म्हणून तो अडतो. आणि ती स्क्रिप्ट दुरुस्त करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

याच्या उलट, मोठी लॉग फाइल पुसूनही जागा सुटली नाही, तर कुठलीतरी सेवा ती अजून उघडी धरून आहे. ‘एलएसओएफ +एल१’ (lsof +L1) त्या सेवेचं नाव दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा परत मिळते.

प्रश्न : जांबोटीकडं पावसाळ्यात वीज सारखी जाते. कॉम्प्युटर चालू करताना रोज चेकडिस्कची तपासणी येते. महिन्याला डीफ्रॅगही करतो, ते बरोबर आहे का?

उत्तर : एसएसडी असेल तर डीफ्रॅग नको. तिथं सुई फिरत नाही, त्यामुळं फाइलचे तुकडे जोडून फायदा नाही, उगाच लिहिण्याची झीज होते. विंडोजचं आठवड्याचं ‘ऑप्टिमाइझ’ चालू राहू द्या, ते एसएसडीला ट्रिम देतं, म्हणजे कुठली जागा पुसून मोकळी झाली ते कळवतं.

चेकडिस्कचं मात्र मनावर घ्या. वीज गेल्यावर एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची जर्नल (बदलांची नोंदवही) फाइलसिस्टिमची रचना सावरते, पण त्या क्षणी लिहीत असलेल्या फाइलीची हमी देत नाही. म्हणून आधी यूपीएस घ्या. तरी रोज तपासणी येत असेल तर डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. हार्डडिस्कच्या ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे कप्पे) यापुढचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर चेकडिस्क ‘/आर’नं चालवू नका. ते तासन्‌तास अख्खी डिस्क वाचत बसतं, आणि शेवटच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाते. आधी डेटा दुसरीकडं घ्या: हिशेब आणि फोटो पहिले, बाकीचं मागून. कॉपी झाल्यावर चार-दोन फाइली उघडून बघा, मगच जुनी डिस्क काढा.