वड्याचं माप कागदावर येईल का?

प्रश्न: सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडबाहेर आमची वडापावची गाडी आहे. मिस्टर 18 वर्षं चालवतात, रोज साधारण 400 वडे जातात. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. ती म्हणते, हाच वडा घेऊन गावोगावी दुकानं काढायची, साखळी करायची. तिनं मसाल्याचं माप विचारलं की वडील म्हणतात, "ते हाताला कळतं, कागदावर येत नाही." एवढं शिकून पोरीनं पुन्हा कढईपुढेच उभं राहायचं का? तिला काय शिकवावं? — एक आई

उत्तर: ताई, तिच्या वडिलांचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. साखळी होणार की नाही, ते तिथंच ठरणार आहे. गाडीवर गिऱ्हाईक येतं ते त्यांच्या हातासाठी. दुसरं दुकान काढलं की तिथं तो हात नसतो.

1966 च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असं सांगतात. पुढे तो मुंबईभर पसरला, पण त्याच्या साखळ्या उशिरा आल्या: धीरज गुप्ता यांचं जंबोकिंग मालाड स्टेशनजवळ सुरू झालं ते 2001 मध्ये आणि व्यंकटेश अय्यर यांची गोली कल्याणला आली 2004 मध्ये. वडा तर आधीपासूनच सगळ्यांना आवडत होता. अवघड होतं ते प्रत्येक दुकानात तोच वडा निघणं. गोलीनं पुढे वडे कारखान्यात यंत्रावर करून, गोठवून दुकानांत पाठवायचा मार्ग धरला. दुकानातल्या मुलाकडे तळायचं काम तेवढं राहिलं.

तुमच्याच गाडीचा हिशेब घ्या. वडा 60 ग्रॅमऐवजी 70 ग्रॅमचा वळला गेला, तर 400 वड्यांमागे दिवसाला 4 किलो भाजी जास्त जाते, महिन्याला 120 किलो. वडील असताना असं होत नाही, कारण गोळा हातात घेतला की त्यांना वजन कळतं. पाच दुकानांत पाच नवी मुलं असली तर गल्ल्यात पैसे का उरत नाहीत, तेच कळणार नाही. बटाट्याचंही तसंच. फार थंड शीतगृहात राहिलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि भाजी गोडसर लागते. वडील चव घेऊन मिरची-मीठ सावरून घेतात. ते सावरणं कोणत्या क्षणी, किती, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तेलाला तर कायदाच लागू आहे. तळून तळून तेलात जे ध्रुवीय घटक वाढतात, ते 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. तेल काळं पडलंय की नाही, एवढं डोळ्यानं बघून साखळी चालत नाही. शिवाय उकडलेल्या बटाट्याची भाजी उन्हाळ्यात किती तास टिकते, पावाची लादी दुपारनंतर का कोरडी पडते, हे प्रश्न आहेतच.

हे सगळं ज्या शिक्षणात येतं त्याचं नाव फूड टेक्नॉलॉजी. म्हणून मी तिला बी.टेक.च सुचवेन. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. दोन्हीकडची वाट सीईटीतून जाते. जेईई मेन चांगली गेली तर हरियाणातलं कुंडली आणि तंजावर इथल्या निफ्टेम या अन्नतंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थाही बघा. दादरच्या आयएचएमसारखं हॉटेल मॅनेजमेंट वाईट नाही. माणसं आणि स्वयंपाकघर सांभाळायला ते उत्तम शिकवतं. पण तुमच्या लेकीला जो प्रश्न पडलाय, तो प्रयोगशाळेत सुटणारा आहे.

पुन्हा कढईपुढे का, असं तुम्ही विचारलंत. ताई, 18 वर्षं उन्हापावसात उभं राहिलेल्या माणसाच्या घरातून ते येणारच, मला समजतं. पण त्या कढईवर तुमचं घर उभं राहिलं आणि पोरीला तिची लाज नाही, उलट अभिमान आहे. तो मोडू नका. आणि डिग्री हातात असली म्हणजे साखळी जमली नाही तरी अन्नप्रक्रिया कंपन्यांत गुणवत्ता तपासणीची नोकरी तिला मिळू शकते.

एक सांभाळा. लवकरच कुणीतरी येऊन म्हणेल, "तुमचं नाव द्या, मी फ्रँचायझी काढतो." माप कागदावर येईपर्यंत नाव कुणाला देऊ नका. गाडीच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र आधी करून घ्या, खाद्यसेवेसाठी तो 43 व्या वर्गात होतो.

सीईटी झाली की मे महिन्यात तिनं एक वही, एक वजनकाटा आणि तेलात चालणारा थर्मामीटर घेऊन गाडीवर बसावं. वडिलांना माप विचारायचं नाही. ते मूठ भरतील, तेव्हा ती मूठ काट्यावर रिकामी करायची, आकडा लिहायचा, मसाला परत त्यांच्या हातात द्यायचा. असं पंधरा दिवस. मग एका सकाळी वडिलांनी घरी थांबावं आणि कधी झारा न धरलेल्या तुमच्या एखाद्या भाच्यानं वहीत बघून घाणा काढावा. रोजच्या गिऱ्हाइकांना काही सांगू नका. त्यांनी "आज मालक कुठायत?" असं वडा खाण्याआधी विचारलं की खाल्ल्यावर, तेवढं मला कळवा.